१६ टीबीची रिफर्बिश्ड हार्ड डिस्क घ्यावी का? (लॅमिंग्टन रोड)

कांदेवाडीकर (शनिवार, रात्री ११:१०)

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लावतो, नाहीतर तुम्ही उपप्रश्न विचारून भंडावून सोडाल.

बाबा लग्नामुंजींचं व्हिडिओ शूटिंग करायचे. त्यांच्या ४१२ मिनी-डीव्ही टेपा माळ्यावर पडून होत्या. गेलं दीड वर्ष जमेल तशा एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतोय. तासाभराच्या टेपेला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे ते सगळं साडेपाच टीबीच्या आत बसतं. माझे स्वतःचे फोटो आणि व्हिडिओ आणखी साडेसहा टीबी. हे सगळं चार डिस्कांत विखुरलंय आणि त्यातली एक परवापासून कण्हायला लागलीय.

काल लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चक्कर मारली. नवी १६ टीबी, सर्व्हरमध्ये वापरतात त्या जातीची, ३२ हजार. मग एका गाळ्यात, जिना चढून आत, तीच डिस्क रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेली पण तपासून पुन्हा विकायला काढलेली, १९ हजारांना. "साहेब, कंपनी रिफर्ब है, झिरो अवर. एक साल दुकान की गॅरंटी." (झिरो अवर म्हणजे डिस्कच्या नोंदीत चालू तास शून्य.) डिस्क हातात घेऊन बघितली. लेबल कोरं करकरीत, पण बाजूच्या स्क्रूच्या भोकांच्या कडा घासलेल्या आणि जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर दोन बारीक रेघा. विचारून सांगतो म्हणून निघालो.

डिस्क आली की टेपा भंगारात द्यायच्या असं आईने जाहीर केलंय. तिला माळा मोकळा हवाय.

तर १३ हजार वाचवावेत का?

बोंबील_फ्राय (शनिवार, रात्री ११:२६)

सेकंडहँड स्कूटर घेताना आपण किलोमीटर बघतो. इथे मीटर मागे फिरवलेला असतो एवढाच फरक. कृपया हलके घ्या.

रात्रपाळी (रविवार, पहाटे ३:०५)

नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला असतो, म्हणून या वेळेला प्रतिसाद. बोंबील, तुम्ही गंमत केलीत, पण मीटरवर मी शेवटी येतो.

आधी हा माल येतो कुठून ते. मोठ्या कंपन्या डिस्क बिघडली म्हणूनच काढतात असं नाही. रॅकमधली जागा आणि वीज महाग. ज्या खाचेत ४ टीबी बसते त्याच खाचेत, जवळपास तेवढ्याच विजेवर १६ किंवा २० टीबी बसते. म्हणून धडधाकट डिस्कासुद्धा निघतात. १६ टीबीच्या डिस्का २०१९ मध्ये बाजारात आल्या, त्यांना पाच वर्षांची वॉरंटी असते. म्हणजे पहिली खेप आता निवृत्तीला आलीय, म्हणून गल्लीबोळात १६ टीबी दिसायला लागली.

आता 'रिफर्ब' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे माल विकले जातात.

एक, उत्पादक कंपनीने स्वतः परत घेऊन, तपासून, नवं लेबल लावून विकलेली. तिच्या लेबलवरच 'रिसर्टिफाइड' छापलेलं असतं. हिचे तास शून्यावर आणलेले असतात आणि ते रीतसर असतं.

दोन, विक्रेत्याने तपासलेली. म्हणजे कुणी खरंच आठवडाभर चाचणी घेतो, कुणी फॉरमॅट मारून स्टिकर चिकटवतो. दोघांचं स्टिकर सारखंच दिसतं.

तीन, नुसती उपटलेली. लॉटमध्ये किलोच्या भावाने आल्यासारखी.

कांदेवाडीकर, तुमच्या डिस्कच्या लेबलवर तो शब्द होता का? नसेल आणि तास शून्य सांगत असेल, तर मीटर कुणीतरी फिरवलाय. घासलेल्या भोकांवरून ती रॅकच्या ट्रेमध्ये राहून आलीय हे दिसतंच.

शंकासुर (रविवार, सकाळी ९:४०)

मुळात मोठ्या डिस्का मरतात किती? कंपनीच्या कागदावर 'सरासरी २५ लाख तास' लिहिलेलं असतं. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षं. पहिल्या बाजीरावाने जाता जाता बटण दाबलं असतं तर आत्ता बंद पडली असती.

स्क्रू_ढिला (रविवार, सकाळी १०:१५)

@शंकासुर, हसून हसून पुरेवाट. पण तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतो, ताफ्याचा असतो. हजारो डिस्का एकदम चालवल्या तर वर्षाला साधारण ०.३५ टक्के मरतील एवढाच त्याचा अर्थ. हा झाला कंपनीचा दावा. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन क्लाउड कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कांचा हिशेब उघड करते. तीन लाखांच्या घरात डिस्का, आणि २०२४ चा आकडा १.५७ टक्के. म्हणजे दाव्याच्या चौपटीहून जास्त, तरी शंभरात दीड. मॉडेलगणिक मात्र बराच फरक पडतो, म्हणून आपल्याला मिळतंय ते नेमकं मॉडेल त्या तक्त्यात शोधायचं.

सव्वासातची_कर्जत (रविवार, सकाळी १०:५२)

तुमचे तक्ते गार खोलीतल्या डिस्कांचे आहेत हो. नव्या घेतलेल्या, एका जागी बसलेल्या. आमची डिस्क टेम्पोतून उतरली, हमालाच्या डोक्यावरून जिना चढली, काचेच्या टेबलावर आपटली आणि मग माझ्या सॅकमधून सव्वासातच्या कर्जतला लटकत आली. तिचा टक्का कुठल्या तक्त्यात आहे?

मी दोन घेतल्या होत्या, १२ टीबीच्या. एक चार वर्षं झाली, अजून टुणटुणीत. दुसरी पाचव्या महिन्यात गेली. 'दुकान की गॅरंटी' होती ना? घेऊन गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली. शेजारचा म्हणाला, ते लोक गेले. कुठे, ते त्यालाही माहीत नाही. गॅरंटी डिस्कची असते, दुकानाची कोण देणार?

वरणभातलिंबू (रविवार, सकाळी ११:०३)

शेवटच्या वाक्याला +१००.

माजघर (रविवार, दुपारी १२:३०)

दुकान गेलं तरी कागद राहतो, म्हणून बिलाबद्दल लिहिते. व्यवसायाने हिशेबनीस आहे.

हार्ड डिस्कवर १८ टक्के जीएसटी आहे. गाळेवाला म्हणेल, "बिल हवं तर वरचे पैसे लागतील". द्या, किंवा डिस्क घेऊ नका. बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि 'रिफर्बिश्ड' हा शब्दसुद्धा लिहून घ्या. तो लिहायला जो कचरतो तो 'नवी' म्हणून विकायला बसलाय. आणि दुकानात उभ्या उभ्याच कंपनीच्या साइटवर तो क्रमांक टाकून बघा. बाहेरून आणलेल्या मालाला इथे कंपनीची वॉरंटी लागू नाही असंही बरेचदा निघतं, ते १९ हजार मोजण्याआधी कळलेलं बरं.

आता थोडं उलट बाजूने. 'मी नवीच घेतो, मला रिफर्ब चालत नाही' म्हणणाऱ्यांसाठी. माझी कोरी डिस्क दुसऱ्या वर्षी गेली. वॉरंटीत पाठवली, तीन आठवड्यांनी बदलून आली. पाकीट उघडते तर लेबलवर 'रिसर्टिफाइड'. चौकशी केली तर कळलं की अटींमध्ये तसं लिहिलेलंच असतं आणि बहुतेक सगळेच तसं देतात. म्हणजे न मागता मी रिफर्बवाली झाले. तीच डिस्क आज घरच्या फोटोंसाठी चालू आहे आणि माझी काही तक्रार नाही.

स्क्रू_ढिला (रविवार, दुपारी १:२०)

माजघरताई, बिलाचा मुद्दा एकदम पटला. आता मीटरबद्दल.

डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. चालू तास, बिघडलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) वगैरे त्यात. ही वही हत्यारं असलेला माणूस पुसू शकतो. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइजे या तंत्रज्ञान-वृत्तसंस्थेने उघडकीला आणलं की वापरलेल्या सीगेट डिस्का तास शून्य करून 'नव्या' म्हणून विकल्या जातायत. कंपनीने नव्हे, मधल्या व्यापाऱ्यांनी. बराचसा माल चिया या क्रिप्टोच्या खाणीतला असावा असा संशय होता. २०२१ मध्ये त्याचं पेव फुटलं होतं, त्यात डिस्का ढिगाने लागायच्या. नंतर लोकांनी गाशा गुंडाळला.

चोरी पकडली गेली ती दुसऱ्या वहीमुळे. सीगेटच्या या डिस्कांमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते. फिरवणारे ती पुसायला विसरले. स्मार्टमॉनटूल्स हा प्रोग्राम फुकट मिळतो, ७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या आणि 'स्मार्टसीटीएल हायफन एल फार्म' ही आज्ञा द्या (टाइप रोमनमध्ये करायची, पुढे डिस्कचं नाव). तिथले तास आणि स्मार्टचे तास जुळले तर ठीक.

फार्मसुद्धा फिरवणारे आता निघालेत, त्यामुळे जुळलं म्हणजे सोवळं असं नाही. न जुळलं तर मात्र खोटेपणा पक्का. कंपनीच्या खऱ्या रिसर्टिफाइडमध्ये दोन्ही वह्या कोऱ्या असू शकतात, पण तिथे लेबल तसं सांगतं.

आणि नोंदींमध्ये क्रमांक ५, १९७ आणि १९८ (बिघडलेल्या सेक्टरांचे आकडे) शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर घाबरू नका, बहुधा केबल खराब असते.

अडीच_अक्कल (रविवार, दुपारी ४:१५)

स्वस्तात मस्त म्हणून मी एक आणली होती. घरी येऊन बघतो तर केबल बसेना. ती एसएएस, म्हणजे सर्व्हरच्या जोडणीची होती. साटाच्या (घरच्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या जोडणीच्या) केबलला जी खाच लागते तिथे एसएएसला मध्ये भरलेलं असतं, साध्या मदरबोर्डला ती लागतच नाही, वेगळं कार्ड हवं. दुकानदार म्हणाला, "आपने पूछा नहीं." दुसऱ्या वेळी विचारून साटा आणली. ती बसली, पण फिरेना. तीन दिवस मेली समजून होतो. मग कळलं की या सर्व्हरच्या काही डिस्कांना तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या झोपून राहतात, तशी सोयच असते त्यात. पिनेवर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपची चिंधी लावली, उठली. मुलाच्या क्राफ्टच्या डब्यातला सेलोटेप लावू नका, गरम होऊन सरकतो. कसं माहीत ते विचारू नका.

बोंबील_फ्राय (रविवार, दुपारी ४:१८)

आयडी सार्थ केलात.

उंबरठा_ओला (रविवार, संध्याकाळी ६:०२)

मुंबईच्या हवेचा विचार कुणीच केला नाही का? गिरगावात चौपाटीचा वारा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते.

रात्रपाळी (रविवार, संध्याकाळी ७:३०)

मोठ्या डिस्कांना त्याचा त्रास त्यामानाने कमी. १६ टीबीच्या डिस्का बहुतेक हेलियम भरून सीलबंद केलेल्या असतात. जुन्या हवावाल्या डिस्कांवर एक बारीक भोक असतं आणि ते झाकू नका असं छापलेलं असतं. बाहेरची हवा तिथून गाळून आत जाते. हेलियमवालीत तसं काही नाही. पण बाहेरची सर्किटची पाटी आणि त्या सोनेरी पट्ट्या उघड्याच, त्यांना खारी हवा लागतेच. वापरात नसताना पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा.

तोटा हा की सीलबंद डिस्क बिघडली तर उघडून डेटा काढणं फार खर्चिक.

उंबरठा_ओला (रविवार, रात्री ८:११)

डेटा काढण्यावरून आठवलं. अवांतर आहे, माफी असावी. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला तो दिवस. आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर. कॉम्प्युटर जमिनीवर, पाणी कंबरेपर्यंत. माझा प्रबंध त्यात. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर ८० जीबीची डिस्क काढली तर भोकातून चहासारखं पाणी ठिबकत होतं. यजमान हेअर ड्रायर घेऊन सरसावले. शेजारच्या काकांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, वाळवू नका, गाळ आत चिकटेल, ओली तशीच बंद डब्यात घालून माहीतगाराकडे न्या. नेली. प्रबंधाची पाच प्रकरणं मिळाली, सहावं पुन्हा लिहिलं. खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं झालं.

वरणभातलिंबू (रविवार, रात्री ८:२०)

काकांना दंडवत. धागा सुंदर भरकटलाय.

जुनाजाणता (रविवार, रात्री ९:४५)

भरकटला कसला, आत्ता कुठे मुद्द्यावर आला. सगळे डिस्क कुठली यावर बोलताय, मूळ धाग्यातलं शेवटून तिसरं वाक्य कुणी वाचलं का? हा माणूस १२ टीबी एका डिस्कवर नेऊन टेपा भंगारात देणार आहे!

कांदेवाडीकर, ३२ हजारांची कोरी डिस्क घेतलीत तरी ती एकच. एक धक्का, एक विजेचा झटका, आणि ४१२ टेपांतले नवरा-नवरी गेले. माझं मत विचाराल तर परत न मिळणाऱ्या गोष्टींसाठी रिफर्ब नकोच. सिनेमे साठवायला खुशाल घ्या.

शंकासुर (रविवार, रात्री १०:०५)

जुनाजाणता, पहिला परिच्छेद मान्य, दुसरा नाही. ३२ हजारांत एक नवी, किंवा ३८ हजारांत दोन रिफर्ब. दोन्हींवर तेच भरायचं. एक घरी, एक बहिणीकडे ठाण्याला. नव्या एकुलत्या एकीपेक्षा जुन्या दोघी मला जास्त भरवशाच्या वाटतात.

जुनाजाणता (रविवार, रात्री १०:३१)

दोघी एकाच लॉटमधल्या असतील तर? एकाच रॅकमध्ये, एकाच दिवशी जन्मलेल्या, तेवढेच तास पळालेल्या. एकीला जो रोग तोच दुसरीला. मग भरवसा दुप्पट झाला असं तुम्हाला वाटणार आणि दोघी एकाच पावसाळ्यात राम म्हणणार. घ्यायच्याच तर वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या दुकानातून घ्या.

शंकासुर (रविवार, रात्री १०:३४)

हे मान्य. लिहून ठेवलं.

सव्वासातची_कर्जत (सोमवार, सकाळी ७:२२)

(सीट मिळाली.) आवाजाचं कुणी लिहिलं नाही. या सर्व्हरच्या डिस्का रात्री मधूनच कट-कट-कट करतात. आमच्या मातोश्रींनी पहिल्या आठवड्यात टेबलाखाली उंदराचा पिंजरा लावला होता, आत भजी.

स्क्रू_ढिला (सोमवार, सकाळी १०:००)

भजी कशाची?

धागाकर्त्यासाठी शेवटचं: आणल्या आणल्या डेटा भरू नका. आधी पूर्ण डिस्क एकदा लिहून आणि वाचून बघा. १६ टीबी लिहायला साधारण २२ तास, वाचायला तेवढेच. लिनक्सवर बॅडब्लॉक्स हे चाचणीचं साधन चार वेळा लिहितं-वाचतं, म्हणजे आठवडा गेला. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू चालेल. खाली पंखा ठेवा. आणि विंडोजमध्ये १४.५ दिसेल, दीड टीबी चोरला म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका, ते मोजायच्या मापांतलं अंतर आहे.

कांदेवाडीकर (तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ११:५०)

मंडळी, उशिरा आलोय पण हात हलवत नाही आलो.

शंकासुर आणि जुनाजाणता दोघांचं ऐकलं. दोन दुकानं, दोन डिस्का. पहिली त्याच 'झिरो अवर'वाल्या गाळ्यातून. लेबलवर रिसर्टिफाइड नव्हतं, पण म्हटलं बघू तरी. माजघरताईंचं बिल मागितल्यावर त्याचा चेहरा बदलला, तरी दिलं. १९ हजारांतच, वरचे मागितले नाहीत. 'रिफर्बिश्ड' लिहिताना मात्र दोनदा विचारलं, "ये लिखना जरुरी है क्या?"

घरी आल्यावर स्मार्टमध्ये तास दाखवले २. फार्म काढलं तर ३१ हजार आणि काही. साडेतीन वर्षं चोवीस तास. स्क्रिनकडे बघत बसलो. बाबा मागून म्हणाले, "कॅमेऱ्याच्या हेडचे तास पण असेच फिरवायचे रे."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊनच गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो पण त्याने दोन्ही आकडे बघितले, डिस्क उलटी करून अनुक्रमांक बघितला, माल देणाऱ्याला फोन लावला, गुजरातीत पाच मिनिटं बोलला. मग मला म्हणाला, "मेरे को भी ऐसाही आया है साहेब." खरं की खोटं, देव जाणे. पैसे परत दिले, पाचशे 'चेकिंग'चे कापून. कोणी काय चेक केलं, ते मी विचारलं नाही.

दुसरी डिस्क दुसऱ्या दुकानातून, वेगळ्या कंपनीची. त्या बाईंनी स्वतःच सांगितलं, २७,४०० तास झालेत, किंमत साडेसतरा. म्हणजे तीन वर्षांहून थोडी जास्त चाललेली. ५, १९७, १९८ सगळे शून्य. लिहून-वाचून बघितलं, दोन दिवस लागले, एकही चूक नाही. तापमान ४६ च्या वर गेलं नाही (पंखा लावला होता). तीच ठेवली. जोडीला गाळेवाल्याकडून परत मिळालेल्या पैशांत आणखी साडेतेरा घालून एक कोरी, ३२ वाली. बचत फारशी झाली नाही, पण झोप लागते. एक घरी, एक ताईकडे मुलुंडला. आता कोरीवरही तेच लिहून-वाचून बघणं चालू आहे.

माजघर (शनिवार, सकाळी ८:१०)

पाचशेचं बिल घेतलंत का?

कांदेवाडीकर (शनिवार, सकाळी ८:४०)

नाही. :(

जुनाजाणता (शनिवार, सकाळी ९:०५)

आणि टेपा?

कांदेवाडीकर (शनिवार, सकाळी ९:१२)

माळ्यावरच. आईला सांगितलं, इंटरनेटवरच्या काकांनी टाकू नका सांगितलंय. ती म्हणाली, मग त्यांच्या माळ्यावर ठेवा.

नवा_सदस्य_४७ (शनिवार, दुपारी २:२०)

पूर्ण धागा वाचला नाही. माझ्याकडे ८ टीबीची एक पडून आहे, चालू स्थितीत, दादरला येऊन न्यावी लागेल. कुणाला हवी आहे का?

शंकासुर (शनिवार, दुपारी २:२१)

तास किती?